शोधपट्टी की शंभरपानी वही?

पुण्यातली नोकरी सोडून चिपळूणला आईजवळ जायचं की नाही, हा प्रश्न मी दोन्ही प्रकारे सोडवून पाहिलाय. आधी अकरा-बारा रात्री नेटवर, मग चार दिवस वहीत. तुमचंही असंच काही अडलं असेल तर माझा अनुभव सांगतो. तो सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

नेटचे उपकार आधी मानतो. ग्रॅच्युइटीची 5 वर्षं भरलीत का, पीएफ आत्ता काढला तर कर लागेल का, या गोष्टी कितीही डोळे मिटून बसलात तरी आतून उमगत नाहीत. त्या शोधाव्या, टिपून घ्याव्या आणि लॅपटॉप मिटावा. मला ते मिटणंच जमलं नाही.

'गावी परतल्याचे फायदे' टाकलं की फायदेच फायदे. 'नोकरी सोडल्याचा पश्चात्ताप' टाकलं की रडगाणी. साहेब करवादला त्या रात्री मी फायदे शोधायचो, पगार जमा झाला त्या रात्री पश्चात्ताप. म्हणजे उत्तर मीच प्रश्नात घालून द्यायचो आणि तेच परत यायचं. हेही एक वेळ चालवून घेतलं असतं. पण एकदा सहज जुने शोध चाळले. चाळीसेक प्रश्न होते. तिथे खर्च किती येतो, नेटचा वेग कसा, घरून काम मिळेल का... 'आई' हा शब्द एकदाही नव्हता. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा दीड दिवस तिचा फोन लागत नव्हता. सगळा विचार सुरू झाला तो तिथून, आणि नेमकं तेवढंच मी विचारलं नव्हतं. शोधपट्टी कशाला म्हणेल, 'अरे, खरं काय ते सांग'? तिथे माझं मन उडालं.

वहीची पद्धत माझी नाही. नवी नोकरी धरावी की नाही, या पेचात पडलेल्या जोसेफ प्रिस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाला अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने 1772 मध्ये पत्र लिहिलं. काय ठरवावं ते सांगता येणार नाही, कसं ठरवावं ते सांगतो, असा त्याचा सूर. कागदावर मधोमध रेघ मारायची, एका बाजूला अनुकूल, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल, तीन-चार दिवस सुचेल तसं लिहायचं, मग सारख्या वजनाचं समोरासमोर खोडायचं. (प्रिस्टलीने नोकरी धरली आणि त्याच काळात, 1774 मध्ये, ऑक्सिजन शोधला. आपली एवढी अपेक्षा नाही.)

वहीतही माणूस स्वतःला फसवतोच. पहिल्या दिवशी मी प्रतिकूल बाजूला 'करिअर' असा भारदस्त शब्द लिहिला. दुसऱ्या दिवशी तो आपल्याच अक्षरात वाचताना ओशाळलो, खोडून 'लोक काय म्हणतील' लिहिलं. नेटवर ही दुसऱ्या दिवसाची लाज वाटत नाही, एवढाच मला फरक दिसला. पण तो मोठा आहे. पगारातली घट आणि वाचणारं घरभाडं एकमेकांसमोर खोडलं. हिशोब काटेकोर नव्हता, पण चालून गेला. शेवटी उजवीकडे 'मित्र' उरले, डावीकडे 'पावसाळ्यात रात्री फोन वाजला की पोटात गोळा'. मित्र काय, कुंभार्ली घाट उतरून येतील.

मग आईला फोन केला. खरं तर तो आधीच करायला हवा होता. ती म्हणाली, "ये की. पण माझ्यासाठी आलास असं गावभर सांगत फिरू नको."

वही शंभरपानीच घ्या, दोनशेपानी नको. माझी साडेतीन पानं भरली. उरलेल्यात आता आई दुधाचा हिशोब लिहिते.