घासलेली कड ‘टांकसाळीची चूक’ म्हणून विकतात, सावध राहा

जुने अमेरिकी अर्धे डॉलर जमवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. इथे न्यू जर्सीतल्या एका नाणेप्रदर्शनात एका विक्रेत्याने मला १८२६ सालचा अर्धा डॉलर ‘कडेची अक्षरं गायब, टांकसाळीची चूक’ असं सांगून साध्या नाण्याच्या चौपट भावाने विकला. ती अक्षरं कुणीतरी कानशीने घासून काढली होती.

१८३६ पर्यंतच्या या नाण्यांच्या कडेवर ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ असा मजकूर खोलगट अक्षरांत असतो. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत तो नाणं पाडण्याआधीच उठवत. कोरी चकती दोन समांतर पट्ट्यांमधून लोळवायची, प्रत्येक पट्टीवर अर्धा मजकूर. चकती घसरली की अक्षरं एकमेकांवर चढत किंवा मध्येच कोरी जागा राही. दोनदा गेली तर मजकूर दुहेरी उमटे. अशी अस्सल नाणी आहेत आणि हौशी माणसं त्यांना खुशीने जास्त पैसे मोजतात. लबाडीला वाव मिळतो तो इथेच.

माझ्या नाण्यावर ‘डॉलर’ शब्दाची बरीचशी जागा कोरी होती, आणि ती नेमकी नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेच्या, डोक्याच्या वर. छाप मारताना चकती कशीही ठेवली जाई, त्यामुळे खरी चूक कडेवर कुठेही येऊ शकते. नाण्याचं लॉकेट करताना कडी मात्र चेहरा सरळ दिसावा म्हणून डोक्यावरच झाळतात, आपल्याकडे राणीछाप रुपयाला लावायचे तशी. कडी काढून झाळ घासली की ‘चूक’ तयार! भिंगाखाली तिथे बारीक समांतर ओरखडे दिसले, काठाचे दाते तेवढ्याच भागात झिजलेले, चांदीचा रंगही निराळा. मूळ वजन १३.४८ ग्रॅम, हे भरलं १३.१. वापरानेही वजन घटतं, म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नका.

नाणं पुठ्ठ्याच्या चौकटीत स्टेपल केलेलं होतं, आणि त्यात कड दिसत नाही. विक्रेत्याने मोबाइलवर फोटो दाखवला तो फक्त कोऱ्या तुकड्याचा, नाण्याची वरची बाजू कुठली हे कळणार नाही असा. कुणी असा फोटो दाखवला तर चौकट उघडायला लावा, आणि नाणं पूर्ण फिरवून कड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

तपासणीला पाठवलेलं नाणं ‘कडेची दुरुस्ती केलेली’ असा शेरा घेऊन परत आलं. विक्रेता म्हणतो, विकलेला माल परत घेत नाही. तो शेरा जोडून मी क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार केली आहे, निकाल यायचाय.