मॉन्स्टेरासाठी काथ्याची ‘मॉस स्टिक’: आधाराला चालेल, ओलाव्याला नाही

नर्सरीत आणि ऑनलाइन ‘मॉस स्टिक’ म्हणून जी दोन-तीन फुटांची काठी मिळते, तिच्यात मॉसचा, म्हणजे शेवाळाचा, पत्ताच नसतो. पीव्हीसीचा पाइप, त्यावर काथ्याचा पातळ थर आणि वरून गुंडाळलेला नायलॉनचा दोरा, एवढाच मामला. मॉन्स्टेराचं वजन ती पेलते, त्याबद्दल तक्रार नाही. पण मुळं हिच्यात शिरतील आणि पानं मोठी होतील असं सांगून ती विकली जाते, तिथे गाडी अडते.

मॉन्स्टेरा हा मूळचा दक्षिण मेक्सिको ते पनामाच्या जंगलातला, अळूच्या कुळातला वेल. (चीक लागला की खाजही अळूसारखीच, छाटताना हातमोजे घाला.) तिकडे तो ओल्या सालीला मुळं रोवत झाडावर चढतो, आणि चढायला मिळालं की पानं मोठी होतात. कोकणात माडावर चढलेल्या मनी प्लांटची सुपाएवढी पानं पाहिली असतील, त्यातलाच प्रकार. मात्र मुळं रोवायला आधार ओला हवा. या काठीवर सकाळी फवारा मारला तरी पंख्याखाली दुपारपर्यंत काथ्या खडखडीत. आत पोकळ प्लॅस्टिक, पाणी धरणार कोण? म्हणून वरून तांब्याने पाणी घातलं, तर ते थेट कुंडीत उतरतं, माती सतत चिंब राहते, मुळं कुजतात आणि खालची पानं पिवळी पडू लागतात.

काठी टाकून द्यायची गरज नाही. पाइप किमान दीड इंच जाडीचा असेल तर मातीवर राहणाऱ्या भागाला दर दोन इंचांवर आठ मिलिमीटरची भोकं पाडा. आधी तेवढ्या जागेवरचा काथ्या बाजूला सारा, नाहीतर तो ड्रिलच्या पात्याला गुंडाळला जातो. खालच्या तोंडात काथ्याचा बोळा घट्ट ठोसा आणि आत भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) भरा. मॉस महाग वाटलं तर धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) भरा, पण ते भोकांतून थोडं गळतं. वरच्या तोंडात टाचणीने भोक पाडलेल्या झाकणाची बाटली उलटी खोचली की पाणी थेंबाथेंबाने झिरपतं.

काठी कुंडी बदलतानाच बसवावी. दहा इंची कुंडीत ती तळापर्यंत टेकवा, मग माती भरा. नंतर खुपसली तर मुळं तुटतात आणि काठीही डुगडुगते. खोडाच्या ज्या बाजूने हवेतली मुळं फुटतात, ती बाजू काठीकडे हवी. सुती पट्टीने खोड पेराच्या जरा वर सैलसर बांधा. देठ कधीही बांधू नका. उजेडाकडे वळायला तो मोकळा लागतो. आणि उजेडच कमी असेल तर काठी कितीही चांगली असो, मॉन्स्टेराची ओळख असलेल्या चिरा पानांना पडणार नाहीत. पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवरची जागा उत्तम.

मनी प्लांटसाठी काठी आहे तशीच चालते. त्याची बारीक मुळं काथ्याला सहज धरतात. मॉन्स्टेरासाठी दोन फुटी घेऊच नका, वेल एक-दोन वर्षांत तिच्या वर जातो. दुकानात काठी हातात धरून काथ्या पिळून पाहा. तो पाइपवर गरागरा फिरला, तर काठी परत ठेवा.