टूरिंग सायकलला रुंद ऑफरोड टायर – पावसाळा आणि थंडी काढल्यानंतरचा अनुभव

पाऊस लागायच्या आधी माझ्या टूरिंग सायकलचे 700 बाय 32 चे (म्हणजे 32 मिमी रुंद) टायर काढून 700 बाय 45 चे नॉबी, म्हणजे वर रबराच्या जाड गाठी (नॉब) असलेले ऑफरोड टायर घातले, आता काजूला मोहर आलाय, म्हणजे बऱ्यापैकी सगळं बघून झालं. थेट सांगायचं तर रुंदी एकदम पैसा वसूल, नॉब मात्र इकडे गोव्यात निम्मे फुकट.

आधी जागेचं बघा. रिम तीच, 622 मिमी व्यासाची, पण टायर 13 मिमीने उंच होतो, म्हणजे अख्खी सायकल तेवढी वर जाते आणि पुढच्या टायरला बुटाचं टोक लागायला लागतं. चालू स्पीडला काही नाही, पण सामान लादून फेरीबोटीच्या धक्क्यावर हळू वळताना बरोब्बर लागतं. चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या फ्रेमच्या नळ्या) टायरच्या दोन्ही बाजूंना निदान 6 मिमी मोकळे हवेत, माझ्याकडे जेमतेम तेवढेच आहेत. जुने मडगार्ड बसलेच नाहीत, रुंद घ्यावे लागले, तो खर्च कोणी आधी सांगत नाही. आणि मीटरमध्ये चाकाचा घेर बदला, 2155 च्या जागी साधारण 2237 मिमी, नाहीतर 100 किमी मारले तरी 96 च दाखवणार.

आता मजा. नेत्रावळीकडच्या कच्च्या वाटा, चोडणचे खाजनाचे (खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचे) बांध, जांभ्याचे दगड वर आलेले रस्ते, इथे पूर्वी हँडल घट्ट धरून दात आवळून जायचो, आता निवांत. खरी करामत हवेची आहे, 32 ला मागे 75 पीएसआय ठेवायचो, आता पॅनिअर (कॅरियरच्या बाजूच्या पिशव्या) भरलेले असले तरी मागे 45 पीएसआय आणि पुढे 35 मध्ये भागतं, टायर दगडावर दबतो आणि मनगटं वाचतात. पेट्रोल पंपावर हवा भरणार असाल तर प्रेस्टा वॉल्व्हचा (सायकलच्या ट्यूबचा बारीक वॉल्व्ह) अडॅप्टर खिशात ठेवा. ट्यूबही मोठ्या साइझची लागते हं, जुन्या स्पेअर चालवू नका.

चिखलाचं मात्र ऐका. लाल माती ओली असली की नॉबमध्ये अशी बसते की चाक म्हणजे लाल लाडू, मग मडगार्डला घासतं, मग उतरून काडीने खरवडायचं आणि चार पावलांवर परत तेच. पाण्याचे डबके, वाळू, खडी यात नॉब झकास, जांभ्याच्या चिकट चिखलात जवळपास शून्य.

डांबरावर भुणभुण आवाज येतो आणि चोर्ला घाट चढताना मागून कोणीतरी कॅरियर धरून ठेवलाय असं वाटतं, एकेका टायरमागे पाव किलोच्या वर वजन वाढलंय ते पायांना कळतंच. कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) सावलीतल्या रस्त्यावर पावसात शेवाळ धरतं तिथे कुठलाच टायर वाचवत नाही. फेरीबोटीचा ओला लोखंडी पत्रा तर नॉबी टायरला अजूनच वाईट, टेकायला रबरच कमी, मी सरळ उतरून ढकलत नेतो, मागचे स्कूटरवाले हॉर्न मारतात तर मारू देत.

मागचा टायर मधून गुळगुळीत व्हायला आलाय, पुढचा अजून नव्यासारखा. मागचा संपला की 45 चाच घेणार, पण मधली पट्टी सपाट आणि नॉब फक्त कडेला असलेला. पुढचा आहे तोच ठेवणार, कच्च्यावर हँडल तोच सांभाळतो. रोज पणजी-म्हापसा डांबरावरच फिरणाऱ्याने या भानगडीत पडू नये, 38 चा साधा टायर घ्यावा.