नोटीस पोहोचवण्याच्या कामाला पाचपैकी साडेतीन तारे

कॅनडातल्या मिसिसागा येथील आमच्या घरी गेली सहा वर्षे एकाच कंपनीचे इंटरनेट आहे. वेग आणि बिल यांबद्दल विशेष तक्रार नाही. हा अभिप्राय आहे तो आमच्या नावे कॉपीराइट उल्लंघनाची नोटीस आली तेव्हा कंपनीने काय केले याबद्दल, कारण कनेक्शन घेताना सेवेची ही बाजू कुणीच विचारत नाही.

बेसमेंटमध्ये पुण्याहून शिकायला आलेली दोन मुले भाड्याने राहतात. त्यांनी एका शनिवारी रात्री टॉरेन्टवरून चित्रपट उतरवला. "काका, आम्ही फक्त पाहिला," असे ती आजही म्हणतात. पण टॉरेन्टमध्ये फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे इतरांकडे जात असतात, आणि हक्कधारकांसाठी पाळत ठेवणाऱ्या संस्था त्याच गर्दीत शिरून आयपी पत्ते, म्हणजे प्रत्येक इंटरनेट कनेक्शनची ओळख पटवणारे क्रमांक, टिपून घेतात. आमच्या नोटिशीतली वेळ रविवारी पहाटे ०१:५० अशी होती. त्या वेळी घरात सगळे झोपलेले होते, असे मी ठामपणे सांगणार होतो. ती वेळ यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, दिलेली असून आमच्या घड्याळात तेव्हा शनिवारचे रात्रीचे ९:५० झाले होते, हे नंतर ध्यानात आले. मजकुराच्या वर कंपनीने तेवढी एक ओळ लिहायला हवी होती.

कॅनडात २ जानेवारी २०१५ पासून लागू असलेल्या तरतुदीनुसार हक्कधारकाची नियमात बसणारी नोटीस आली की कंपनीने ती ग्राहकाकडे इलेक्ट्रॉनिक मार्गाने धाडायची, तसे हक्कधारकाला कळवायचे आणि तो ग्राहक कोण हे ठरवता येईल अशी नोंद सहा महिने जपायची; त्या मुदतीत दावा दाखल झाल्याचे कळवले गेले, तर एक वर्ष. ग्राहकाचे नाव मात्र न्यायालयाच्या आदेशाशिवाय द्यायचे नाही. या कसोटीवर आमची कंपनी उतरली: नोटीस दुसऱ्याच दिवशी पाठवली होती, आणि आमचे नाव कुणालाही दिलेले नाही, असे तिने लेखी कळवले.

पण ती पाठवली कुठे, तर कनेक्शनसोबत फुकट मिळालेल्या आणि आम्ही कधीही न उघडलेल्या ईमेल पत्त्यावर. अकरा दिवसांनी ती हाती लागली. कायद्याच्या दृष्टीने काम झाले असेलही, पण ज्या फोनवर बिलाची आठवण महिन्यातून दोनदा येते, त्याच फोनवर याविषयी एक संदेश पाठवणे अवघड नव्हते.

हेल्पलाइनचा अनुभव याहून वाईट. पहिल्या प्रतिनिधीने पुढच्या नोटिशीला कनेक्शन तोडले जाईल, असे बजावले. ते कोणत्या नियमाने, असे विचारल्यावर ती उत्तर देऊ शकली नाही, कारण या तरतुदीत नोटिशींची संख्या मोजून कनेक्शन तोडण्याचे बंधन कंपनीवर घातलेलेच नाही. दुसऱ्याने थोडे पैसे भरून प्रकरण मिटवून टाका, असा सल्ला दिला. पूर्वी अशा नोटिशींमध्येच तडजोडीच्या रकमेची मागणी असे आणि घाबरलेले लोक ती भरून मोकळे होत. डिसेंबर २०१८ मधील दुरुस्तीनंतर पैशांची किंवा वैयक्तिक माहितीची मागणी असलेली नोटीस पुढे पाठवण्याचे बंधन कंपनीवर राहिलेले नाही. आमच्या नोटिशीत तशी मागणी नव्हती, मग हा सल्ला त्याने कुठून आणला कोण जाणे!

तिसरी प्रतिनिधी जाणकार निघाली. नोटीस म्हणजे आरोप आहे, निकाल नव्हे. दावा झालाच तर खासगी वापरासाठी झालेल्या उल्लंघनाची वैधानिक भरपाई १०० ते ५,००० डॉलरच्या दरम्यान ठरू शकते. आणि खाते तुमच्या नावावर आहे एवढ्यावरून उल्लंघन तुम्हीच केले असे सिद्ध होत नाही, असे तिने शांतपणे समजावले. शेवटच्या मुद्द्याशी जुळणारी भूमिका फेडरल अपील न्यायालयाने २०२३ मध्ये घेतलेली आहे. तिच्यासारखी माणसे हेल्पलाइनवर पहिल्याच फोनला भेटती, तर मी पूर्ण पाच तारे दिले असते.

संपर्काचा ईमेल आम्ही बदलून घेतला आहे. बेसमेंटसाठी आता वेगळे कनेक्शन आहे, मुलांच्या स्वतःच्या नावावर. कंपनी मात्र हीच ठेवली.