फ्लॉपीतलं संगीत: डब्यात जपायचं, कॉपी करायचं की ड्राइव्हच बदलायचा?

रोलँड एक्सपी-८०, कॉर्ग ट्रायटन, यामाहा पीएसआर-७४०... यांतला एखादा कीबोर्ड घरात असेल, तर चपलांच्या खोक्यात पंधरा-वीस फ्लॉप्याही असणारच. रात्र-रात्र बसून बनवलेले टोन आणि सिक्वेन्स (कीबोर्डात टिपून ठेवलेलं वादन) त्यांत आहेत, आणि दुसरीकडे बहुधा कुठेच नाहीत.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे फ्लॉप्या नीट जपणं. कडक प्लास्टिकचा डबा, त्यात फ्लॉप्या उभ्या, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा स्पीकरपासून लांब. आपण वाजवणारे नेमके अँपवरच सगळं ठेवतो, आणि स्पीकरमध्ये मोठं चुंबक असतं. कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं ठेवा, म्हणजे चुकून वर काही लिहिलं जाणार नाही. कॅसेटची खिटी मोडल्यावर जे व्हायचं, तेच इथे.

पण आपल्याकडचा पावसाळा डब्याला जुमानत नाही. माझ्या एका फ्लॉपीला आतून बुरशी आली होती. पत्र्याचं झाकण सरकवून चकती न बघताच मी ती ड्राइव्हमध्ये घातली. घाण ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागाला, चिकटली आणि पुढच्या दोन चांगल्या फ्लॉप्यांवर गोल ओरखडे उठले. बुरशी नसली तरी चुंबकीय थर म्हातारा होतोच. ताज्या फ्लॉपीवर उतरवून घेऊ म्हणाल, तर सोनीनं जपानमधली विक्रीसुद्धा मार्च २०११ मध्ये थांबवली. आता मिळतो तो जुनाच साठा. ७२० केबीची फ्लॉपी मिळत नाही म्हणून १.४४ एमबीच्या फ्लॉपीचं दुसरं भोक चिकटपट्टीनं बुजवण्याची युक्ती बरेच जण करतात. कार्यक्रमापुरतं ठीक, पण जपून ठेवायच्या डेटासाठी नको. तिचा थर वेगळा असतो, कमी जोरानं लिहिलेलं त्यावर नीट टिकत नाही.

दुसरा मार्ग कॉम्प्युटरवर इमेज, म्हणजे फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल एकाच फाइलीत, करून ठेवण्याचा. नुसत्या फाइली ओढून न घेता अख्ख्या फ्लॉपीची इमेज घ्या. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह स्वस्त आहे, पीसी फॉरमॅटच्या फ्लॉप्यांना पुरतो. मात्र अकाई एस-१००० सारख्या सॅम्पलरचे (खरा आवाज रेकॉर्ड करून सुरांत वाजवणाऱ्या यंत्राचे) सेक्टर, म्हणजे फ्लॉपीवरचे डेटाचे कप्पे, १०२४ बाइटचे, पीसीचे ५१२ चे. अशी फ्लॉपी घातली की विंडोज ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतं. फ्लॉपी बिघडलेली नसते, विंडोजला ती वाचता येत नसते. तिथे ‘हो’ दाबलंत की संपलं. अशा फ्लॉप्यांना ग्रीझवीझल हे छोटं बोर्ड आणि जुन्या पीसीतला साधा ड्राइव्ह लागतो. ते फॉरमॅटच्या भानगडीत न पडता चुंबकीय खुणाच टिपून घेतं. थोडं शिकावं लागतं, पण सॅम्पलरवाल्यांनी शिकावंच. मिडीमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या गाण्यांच्या फाइलीत, आवाज नसतो, फक्त सूर कधी आणि किती जोरानं वाजवायचे एवढंच असतं, म्हणून एका फ्लॉपीत डझनावारी गाणी मावतात, आणि ती पुन्हा बसवताही येतात. सीडीच्या दर्जाचा मोनो आवाज मात्र जेमतेम १६ सेकंद मावतो. तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलेला ढोलकीचा तो ठोका गेला तर परत आणणार कुठून?

तिसरा मार्ग गोटेकचा, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हचं सोंग घेणाऱ्या यंत्राचा. कीबोर्डातला ड्राइव्ह काढायचा आणि त्याच ३४ पिनांच्या केबलला हा गोटेक जोडायचा. पुढून पेनड्राइव्ह लावला की कीबोर्डला वाटतं फ्लॉपीच घातली आहे. एका पेनड्राइव्हवर शेकडो इमेज बसतात, बटणानं निवडायच्या. बहुतेक जण त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकतात, आणि छोटा स्क्रीन जोडला तर इमेजची नावंही दिसतात. गोटेकवरच्या जंपरची, म्हणजे सेटिंग ठरवणाऱ्या पिनांवरच्या छोट्या टोपीची, जागा प्रत्येक कीबोर्डाला वेगळी, त्यामुळे तुमच्याच मॉडेलवर कुणीतरी बसवलेला बघितल्याशिवाय विकत घेऊ नका.

महिन्यातून चार कार्यक्रम असतील, तर मी डोळे मिटून गोटेक सांगेन. कीबोर्ड घरीच असेल तर इमेज आणि कोरडा डबा पुरे. नुसता डबा मात्र कुणालाच सांगणार नाही. आणि गोटेक घेतलात तरी आधी इमेज, मग पेचकस. मूळ ड्राइव्ह निघाला की अकाईसारख्या फ्लॉप्या वाचायला घरात दुसरं काही उरत नाही. काढलेला ड्राइव्हही भंगारात न देता त्याच डब्यात ठेवा, फ्लॉप्यांच्या शेजारी.