घरातल्या एमसीआर चपलेचे आठ महिने आणि माझी टाचदुखी

मागच्या वर्षी गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी होत्या आणि दहा दिवस मी जवळजवळ दिवसभर ओट्यापुढे उभी होते. विसर्जन झालं आणि डाव्या टाचेने डोकं वर काढलं. सकाळी पलंगावरून पाय टेकला की खिळा रुतावा तशी कळ. भिंत धरून दहा-बारा पावलं टाकली की ती कमी व्हायची, दुपारी जरा बसून उठलं की परत तेच. एरवीही माझं काम पोळ्यांचं. सकाळी साडेसहा ते साडेदहा उभी, रोज दीडशेच्या वर पोळ्या, आणि सगळं अनवाणी, शहाबादी फरशीवर.

एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं आणि माझा धीरच सुटला. फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं की असं वाढलेलं हाड न दुखणाऱ्या कितीतरी लोकांनाही असतं. दुखतो तो टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली गेलेला जाड पट्टा. झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आखडतो, आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. एका डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं होतं. त्याने लवकर आराम पडतो, पण तो टिकेलच असं नाही आणि क्वचित पट्टा फाटण्याचा धोका असतो, हे विचारून घेतलं आणि थांबले.

आधी सिलिकॉनचे हील कप, म्हणजे चपलेत टाचेखाली ठेवायच्या मऊ वाट्या, आणले, ३५० रुपये. बाहेरच्या सँडलमध्ये बरे वाटले. पण मी बाहेर असते दिवसातला तास-दीड तास! बाकी सगळा वेळ घरात, अनवाणी. हे लक्षात यायला मला वेळच लागला, आणि ज्यांची टाच दुखते त्यांनी सगळ्यात आधी हेच तपासावं असं मला मनापासून वाटतं. मग स्पंजची मऊ चप्पल आणली. पंधरा दिवसांत ती टाचेखाली दबून पापड झाली.

दसऱ्यानंतर एमसीआरची घेतली, साडेचारशेला. एमसीआर म्हणजे बारीक हवेच्या छिद्रांचं रबर. कुष्ठरोगाने तळवे बधिर झालेल्यांना जखमा होऊ नयेत म्हणून हेच रबर चपलांत घालतात. हाताला ते मऊ लागतं, पण उभं राहिलं की पाय त्यात बुडत नाही. मी मागे पट्टा असलेली घेतली, कारण ओट्याजवळ पाणी सांडतं आणि नुसती सरकवायची चप्पल पायातून निसटते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, स्वयंपाकघरात चप्पल?" त्यांचं म्हणणं मला पटत होतं. म्हणून हा जोड उंबऱ्याबाहेर कधीच जात नाही, आठवड्याला धुते, आणि देवघरात जाताना काढते. आता त्यांनीही स्वतःसाठी एक मागवलाय.

चप्पल एकटी पुरली असती असं मात्र नाही. उठण्याआधी पलंगावरच ओढणी पावलाला अडकवून बोटं स्वतःकडे ओढायची, ३० सेकंद, तीनदा. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून मागच्या पायाची पोटरी ताणायची, गुडघा सरळ, टाच जमिनीला. आणि एक दिवसाआड जिन्याच्या पायरीवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा उचलायच्या: ३ सेकंद वर, २ सेकंद थांबून, ३ सेकंद खाली, १२ वेळा. या तिसऱ्याने पहिल्या आठवड्यात दुखणं थोडं वाढलं. ताईंनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून सोडलं नाही. संध्याकाळी बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची.

आईने सांगितलेला रुईच्या पानाचा उपाय, गरम विटेवर पान ठेवून शेक, तोही केला. तेवढ्यापुरतं छान वाटतं. पण मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी तो करू नये, चटका कळत नाही आणि जखम चिघळते. तसंच टाच सुजली, मुंग्या येऊ लागल्या किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर चप्पल बदलत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

फरक दिसायला तीन महिने लागले. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी न्हाणीघरात पोचल्यावर लक्षात आलं की आज भिंत धरली नाही. मध्ये मार्चमध्ये बरं वाटतंय म्हणून दोन आठवडे व्यायाम सोडला, आणि कळ परत आली.

चपलेची तक्रार दोनच गोष्टींची. तेल सांडलेल्या फरशीवर ती सरकते, आणि सहाव्या महिन्यात टाचेखालचा भाग बसला. अंगठ्याने दाबून परत वर येत नाही असं दिसलं की जोड बदलायचा. मी दुसरा घेतलाय.

परवा वटपौर्णिमेला आदल्या रात्री ८० पुरणपोळ्या केल्या आणि सकाळी वडाला सात फेऱ्या अनवाणी मारल्या. दुसऱ्या दिवशी टाच थोडी जड होती, कळ नव्हती. ओढणी अजून उशाशीच असते.