कोर्टाचा कोणता प्रवेश वाचायला घ्यावा: पोर्शिया, बेणारे की चारुदत्त?

वाचनगटासाठी किंवा वादविवादाच्या तयारीसाठी कोर्टाचा एकच प्रवेश घ्यायचा असेल, तर पुण्यातल्या कुठल्याही गटाला मी तीन पर्याय सांगेन: शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा चौथा अंक, तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आणि शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचा नववा अंक. तिन्हीकडे सदोष युक्तिवाद जिंकतो. तो जिंकावा असं आपल्याला वाटतं का, या प्रश्नाचं उत्तर मात्र तिन्हीकडे वेगळं आहे, आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी.

‘शांतता!’ हा पहिला मोह. एक हौशी नाटकमंडळी खेळ म्हणून लुटुपुटूचा खटला चालवते आणि त्यात बेणारे या शिक्षिकेला आरोपी करते, असं हे नाटक. 1967 मध्ये रंगायन या नाट्यसंस्थेनं ते रंगभूमीवर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांची. भाषा आपली, माणसं ओळखीची. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत वाढलेल्या मुलांना त्यातला अभिनयाचा वाव लगेच दिसतो. सदोष युक्तिवादांची तर इथे रेलचेल आहे. सुखात्मे फिर्यादीचे वकील आणि आरोपीचेही तेच. काशीकर न्यायाधीशाची खुर्ची सोडून स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतात. सामंत साक्ष म्हणून कादंबरीतला मजकूर वाचतो. बेणारेवर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात तो कलम 302 खाली. ते कलम खुनाचं, आणि पोटातल्या गर्भाचा मृत्यू घडवणं म्हणजे मनुष्यवध नव्हे, असं स्पष्टीकरण त्याच दंडसंहितेत होतं. शेवटी निकाल काय, तर गर्भ नष्ट करा. ज्या कृत्याचा आरोप, त्याच कृत्याची शिक्षा.

अभ्यासासाठी मला इथे एक अडचण दिसते. आपण पहिल्यापासून बेणारेच्या बाजूचे असतो. काशीकरांचं चुकतंय हे कळायला बुद्धी ताणावी लागत नाही, संताप पुरतो. शिवाय बेणारेचं शेवटचं स्वगत इतकं प्रभावी आहे की नंतरच्या चर्चेत युक्तिवाद मागे पडतो. प्रयोग करायचा असेल तर हेच नाटक घ्या, दुसरा विचार नको.

‘मृच्छकटिका’चा ‘व्यवहार’ (म्हणजे खटला) नावाचा अंक कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम. चारुदत्तानं वसंतसेना या गणिकेचा खून केला अशी फिर्याद घेऊन राजाचा मेहुणा शकार येतो तेव्हा न्यायाधीश आधी ‘आज नाही’ म्हणतो आणि राजाकडून काढून टाकण्याची धमकी मिळताच ऐकायला बसतो. पुढे पुरावे येतात ते तुकड्यातुकड्यांनी: वसंतसेना चारुदत्ताकडे गेली होती, बागेत एका स्त्रीचं प्रेत आहे, चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने पडतात. प्रत्येक तुकडा खरा, निष्कर्ष खोटा. वसंतसेना जिवंत आहे. परिस्थितीजन्य पुरावा कसा फसवतो हे इतकं स्वच्छ दाखवणारा दुसरा प्रवेश मला माहीत नाही. पण वक्तृत्व इथे कमी आहे.

म्हणून माझा कौल व्हेनिसला. तिथे आपल्याला आवडणारी बाजू जिंकते, आणि तिचाच युक्तिवाद तपासावा लागतो.

व्यापारी अँटोनिओ आपला मित्र बसॅनिओसाठी शायलॉक या ज्यू सावकाराकडून कर्ज घेतो: तीन हजार डकॅट (सोन्याची नाणी), तीन महिन्यांची मुदत, न फेडल्यास अँटोनिओच्या अंगाचं एक पौंड मांस. ते का हवं, असं विचारल्यावर शायलॉक म्हणतो, माझी मर्जी. हे उत्तर हटवादी आहे. पण थोड्याच वेळात तो म्हणतो: तुम्ही गुलाम विकत घेता, त्यांना गाढवाकुत्र्यासारखं राबवता, सोडून द्या म्हटलं तर ‘ते आमचे आहेत’ म्हणाल. मग हे मांसही मी विकत घेतलंय, ते माझं आहे. यावर दरबारात कुणीही उत्तर देत नाही. न्याय करायला बसलेला व्हेनिसचा शासक ड्यूक विषय बदलतो आणि पादुआच्या बेलारिओ या कायदेपंडिताची वाट पाहतो. शायलॉक क्रूर आहे, तरी त्याचा हा मुद्दा खोडला जात नाही, आणि गटाला हे पटवून घ्यायला वेळ लागतो.

मग पुरुष वकिलाच्या वेषात पोर्शिया येते. दयेवरचं तिचं भाषण सुंदर आहे, पण करारावर दया बंधनकारक का, हे ते सांगत नाही. पुढे ती शायलॉकची अक्षरनिष्ठाच त्याच्यावर उलटवते: मांस घे, रक्ताचा थेंब नको, वजन केसभरही कमीजास्त नको. टाळ्या इथे पडतात. पण विहिरीतलं पाणी घ्यायचा हक्क देऊन पोहरा बुडवायला बंदी करण्यासारखं हे आहे. जर्मन कायदेपंडित येरिंग यांनी 1872 मध्ये हाच आक्षेप घेतला: असा करार नीतिबाह्य म्हणून आधीच रद्द ठरवायला हवा होता, एकदा वैध मानल्यावर रक्ताची अट पुढे करणं ही निव्वळ पळवाट. आणि परक्यानं नागरिकाच्या जिवावर उठणं हा गुन्हाच होता, तर तो कायदा पोर्शियानं अगदी शेवटी का काढला? ती स्वतः बसॅनिओची बायको, म्हणजे या खटल्यात तिचे हितसंबंध गुंतलेले, हेही कोर्टाला ठाऊक नसतं.

वेळ कमी असेल तर निकालानंतरचा, बसॅनिओकडून अंगठी मागण्याचा भाग गाळा. शायलॉकनं ख्रिस्ती व्हावं ही अँटोनिओची अट मात्र गाळू नका, नाहीतर ‘दया’ नावाखाली काय दिलं गेलं ते कळणार नाही. शायलॉक गटातल्या सर्वांत शांत वाचणाऱ्याला द्या. गुलामांच्या युक्तिवादापाशी वाचन थांबवा, ड्यूकनं न दिलेलं उत्तर प्रत्येकाला कागदावर लिहायला सांगा, आणि मगच पोर्शियाला आत येऊ द्या.